दोन वह्या, एक पुस्तक: जोडीने परीक्षण आणि लेखकाची मुलाखत कशी करावी

पुस्तकावर एकट्याने लिहिताना एक मोठी सोय असते, आपल्याला कुणी अडवत नाही. एखादं प्रकरण कंटाळवाणं वाटलं की ते कंटाळवाणंच आहे असं ठरवून मोकळं होता येतं. दोघं असले की ही सोय संपते. “तुला कंटाळा आला? मला तर तेच प्रकरण सगळ्यात आवडलं,” असं समोरून आलं की पुन्हा पान उघडावंच लागतं.

मी आणि माझी मैत्रीण नाशिकमध्ये हा उद्योग बऱ्याच काळापासून करतो. ती बँकेत आहे, मी शाळेत शिकवते. आमची पद्धत इथे सविस्तर देते आहे. तिचा गाभा असा की दोघांमधला मतभेद मिटवायच्या मागे लागायचं नाही. परीक्षणात तो लिहायचा, आणि पुस्तक पुन्हा उघडूनही जो सुटत नाही तो प्रश्न करून लेखकाकडे न्यायचा. परीक्षण आणि मुलाखत हे दोन वेगळे छंद आहेत असं समजणारी माणसं लेखकासमोर बसून “लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?” असं विचारतात. परीक्षण नीट झालं असेल तर प्रश्न शोधावे लागत नाहीत.

जोडीदार निवडताना

आवडी वेगळ्या असाव्यात, वेळ पाळण्याची सवय सारखी असावी. उलटं असलं तर महिन्या-दोन महिन्यांत काम बंद पडतं. नवरा-बायको, सासू-सून, शेजारी, एक भाऊ पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत, कुणीही चालतं. तिघंही जमतात. चौथा आला की वाचनकट्टा होतो. तो चांगलाच असतो, पण तिथे लिहिण्यापेक्षा बोलणं जास्त होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवा: अंतिम मसुदा प्रत्येक वेळी एकाच हाताचा. आलटून पालटून. या पुस्तकाला तू लिही, पुढच्याला मी. परिच्छेद वाटून घेतलेलं परीक्षण वाचणाऱ्याला लगेच कळतं. एका परिच्छेदात लेखक ‘आपल्या मातीशी नातं सांगतो’ आणि पुढच्यात त्याच्या वाक्यरचनेची चिरफाड. ज्याच्या हातात लेखणी नाही त्याच्याकडे दोन हक्क असावेत. चुकीचं तथ्य खोडायचा, आणि आपलं वेगळं मत स्वतःच्या शब्दांत घालायला लावायचा.

गती बेताची ठेवा. नोकरी-घर सांभाळून महिन्याला एक परीक्षण आणि दोन-तीन महिन्यांतून एक मुलाखत, यापेक्षा जास्त ठरवलं की वाचन घाईचं होतं.

पुस्तक कुठलं घ्यायचं

गाजलेल्या पुस्तकांवर भरपूर लिहिलं जातं. तुमच्या श्रमाची गरज आहे ती पहिल्या-दुसऱ्या पुस्तकांना, जिल्ह्याच्या ठिकाणाहून लिहिणाऱ्यांना, अनुवादांना आणि ललितेतर पुस्तकांना. मुलाखत घ्यायची असेल तर लेखक हयात आणि आवाक्यातला हवा, हे उघड आहे. पुस्तक अगदी ताजं असण्याची मात्र गरज नाही. दोन-तीन वर्षं उलटली की लेखक स्वतःच्या पुस्तकापासून थोडा दूर आलेला असतो आणि मोकळेपणाने बोलतो.

शोधण्याची पहिली जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगावी आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ग्रंथपालाशी ओळख वाढवा. नवीन खरेदीच्या याद्या, कुठलं पुस्तक कपाटातच राहतं आणि कुठलं सारखं बाहेर असतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. नव्या पुस्तकांच्या बातम्यांसाठी १९६४पासून निघणारं ‘ललित’ मासिक चाळावं. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत अर्धा दिवस घालवावा. सवड असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला जावं; २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं, तिथे घराघरांत विषयवार मांडलेली पुस्तकं बसून चाळता येतात आणि घ्यावं की नाही ते ठरवता येतं.

मित्राचं पुस्तक घेऊ नका. नातेवाइकाचं तर नकोच.

तुम्ही लिहिता हे कळलं की टपालाने पुस्तकं येऊ लागतात. पहिल्या पानावर ‘सप्रेम भेट’, खाली ‘अभिप्राय अवश्य कळवावा’. पोच लगेच द्या: “पुस्तक मिळालं, आभार. वाचून लिहावंसं वाटलं तर लिहू, पण आश्वासन देत नाही.” एवढं स्पष्ट लिहायला सुरुवातीला संकोच वाटतो. पण गोड आश्वासनानंतरचे चार महिन्यांचे फोन जास्त अवघड असतात. भेट आलेल्या प्रतीवर लिहिलंत तर परीक्षणाच्या शेवटी तसं एका ओळीत सांगा. शक्य तेव्हा पुस्तक विकत घ्या. दोन-तीनशे रुपयांत मिंधेपणा टळतो.

वाचताना

मराठी पुस्तकाच्या सुरुवातीला बऱ्याचदा कुणा ज्येष्ठाची प्रस्तावना असते, मागे मलपृष्ठावर स्तुती. दोन्ही आधी वाचू नका. मराठीतल्या निम्म्या परीक्षणांचा शब्दसंग्रह प्रस्तावनेतून उचललेला असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. मजकूर संपल्यावर प्रस्तावना वाचली की ती तिसऱ्या वाचकाचं मत म्हणून कामाला येते. श्रेयपान मात्र आधीच बघा: पहिली आवृत्ती कधीची, हातात आहे ती सुधारित आवृत्ती की नुसतं पुनर्मुद्रण, अनुवाद असेल तर मूळ भाषेतून की इंग्रजीमार्गे. शेवटचा मुद्दा अनुवादाच्या परीक्षणात फार महत्त्वाचा आहे, आणि अनुवादकाचं नाव न घेता अनुवादावर लिहिणं हा तर अपराधच.

वाचनालयाची प्रत असेल तर पेन्सिलही नको. कागदाच्या पट्ट्या घालाव्यात आणि वहीत पानाच्या क्रमांकासह नोंद करावी. मी चारच प्रकारच्या नोंदी करते: जिथे थांबून पुन्हा वाचलं, जिथे विश्वास बसला नाही, जिथे एखादी गोष्ट दुसऱ्यांदा आली, आणि जिथे झोप आली. शेवटची नोंद हसण्यावारी नेऊ नका. झोप दमल्यामुळे आली की मजकुरामुळे, हे दुसऱ्या दिवशी तेच पान वाचून कळतं.

नोंदीत विशेषण नको, घटना हवी. ‘संवाद छान’ या नोंदीचा महिनाभराने काहीही उपयोग होत नाही. ‘पान ८७, बाप मुलाशी बोलतो पण एकदाही नाव घेत नाही’ ही नोंद कामाची.

आधी लिहायचं, मग बोलायचं

सगळ्या पद्धतीत महत्त्वाची पायरी हीच, आणि तीच मोडण्याचा मोह सर्वांत जास्त. पुस्तक वाचताना चांगलं काही सापडलं की जोडीदाराला फोन करावासा वाटतो. करू नये. वाचत असताना पुस्तकाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही असा नियम ठेवा. दोघांपैकी ज्याचं मत आधी उच्चारलं जातं ते दुसऱ्याच्या वाचनात शिरतं, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा शिक्षण जास्त त्याचंच मत दोघांचं होतं. मग दोन माणसं लागतात कशाला?

दोघांचं वाचून झालं की प्रत्येकाने स्वतंत्रपणे एक पान लिहायचं. चार प्रश्नांची उत्तरं पुरतात. पुस्तक काय करू बघतं? ते कुठे साधलं, पान सांगा. कुठे फसलं, पान सांगा. हे कुणाला वाचायला द्याल आणि कुणाला अजिबात देणार नाही? शेवटच्या प्रश्नाला आम्ही ओळखीच्या माणसांची नावं लिहितो. ‘सर्व वयोगटांतील वाचकांना आवडेल’ असली वाक्यं मग आपोआप गळतात.

पानांची अदलाबदल करायची, एकमेकांचं पान मुकाट्याने वाचायचं आणि मग भांडायला बसायचं. तास-दीड तास ठेवा, पुस्तक मध्ये असू द्या. बोलताना एकच शिस्त पाळायची: पान दाखवल्याशिवाय मत मांडायचं नाही.

समजा, येवल्यात पैठणी विणणाऱ्या कुटुंबावरची एखादी कादंबरी तुम्ही वाचली. एकाच्या पानावर लिहिलंय की सून माग सोडून दुकानात नोकरीला जाते तो निर्णय अचानक आणि न पटणारा आहे. दुसरीच्या पानावर त्याच निर्णयाचं कौतुक. आता पुस्तक उघडा. कदाचित असं दिसेल की मागाचा आवाज आधीच्या प्रकरणांत पानोपानी होता आणि पन्नासेक पानांपासून तो लिहिलाच गेलेला नाही, म्हणजे निर्णयाची तयारी झाली होती, एकाने ती पाहिली नाही. मतभेद सुटला आणि परीक्षणाला एक चांगला परिच्छेद मिळाला. किंवा असं दिसेल की तयारी खरंच नाही, पण सुनेच्या गप्प राहण्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावलाय आणि मजकूर दोन्हींना जागा देतो. हा न सुटलेला धागा वेगळ्या पानावर लिहून ठेवा. त्या पानावर मथळा घाला: ‘लेखकाला विचारायचं’.

मतं पूर्ण जुळली तर जरा सावध व्हा. पुस्तक साधं असेल, किंवा दोघांनीही वरवर वाचलं असेल.

परीक्षण लिहिताना

सातशे ते नऊशे शब्द पुरेसे. त्याहून मोठं लिहायचं तर सांगण्यासारखं तेवढं हवं. कथानक एका परिच्छेदापलीकडे सांगू नका. कादंबरीचा पहिला एक तृतीयांश भाग उघड करायला हरकत नाही, त्यापुढे जाताना जपून. कवितासंग्रहाचं परीक्षण म्हणजे विषयांची यादी नव्हे. ‘कवीने निसर्ग, प्रेम, आई, सामाजिक विषमता असे विविध विषय हाताळले आहेत’ हे वाक्य कुठल्याही संग्रहाला लावता येतं, म्हणून ते कुठल्याच संग्रहाबद्दल काही सांगत नाही. दोन कविता निवडा, एक जमलेली आणि एक न जमलेली, आणि त्यांतल्या ओळींवर बोला.

सुरुवात पुस्तकातल्या एखाद्या ठोस जागेपासून करा. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार हा ऐवज शेवटच्या चौकटीत जातो. ‘ओघवती शैली’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘खिळवून ठेवते’, ‘अंतर्मुख करते’ हे शब्द घरात वर्ज्य करा. शैली ओघवती वाटली तर कशामुळे, ते लिहा: वाक्यं लहान आहेत का, क्रियापदं पुढे ढकलत नेतात का, की लेखक सरळ बोलीतच सांगतो?

मतभेद लिहिण्याची रीत सोपी आहे. “इथे आमचं पटलं नाही,” असं लिहून दोन्ही बाजू दोन-तीन वाक्यांत, पुराव्यासह. “एकीला उत्तम तर दुसरीला बरं वाटलं” हे मात्र लिहू नका, ती नुसती गुणपत्रिका होते. वाचकाला स्वतःची बाजू ठरवता येईल इतकं साहित्य त्याच्या हातात द्या.

प्रतिकूल मत लिहायची वेळ येणारच. आपल्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात आणि उद्या साहित्य संमेलनात चहाच्या रांगेत गाठ पडते, त्यामुळे हात आखडतो. या बाबतीत मला कायद्याची मोठी मदत होते. बदनामीचं कलम आधी भारतीय दंडविधानात ४९९ होतं, १ जुलै २०२४पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. त्यातल्या एका अपवादात लोकांच्या निर्णयासाठी समोर ठेवलेल्या कृतीबद्दल सद्भावनेने मत देण्याची मोकळीक आहे, आणि उदाहरणं थेट पुस्तकाचीच आहेत. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तेव्हा तो दुबळ्या मनाचा असावा, असं म्हटलं तर चालतं, कारण त्याच्याबद्दलचं मत पुस्तकात दिसतं तेवढ्यापुरतंच आहे. पण त्याचं पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील आहे यात नवल नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि स्वैराचारी आहे, असं म्हटलं तर तो अपवाद लागू होत नाही. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही उदाहरणं परीक्षणाचा उत्तम धडा आहेत: पुस्तकाकडून माणसाकडे मजकुरापुरतं जा, माणसाकडून पुस्तकाकडे येऊ नका.

उताऱ्यांबद्दलही असंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी रास्त वापराला परवानगी आहे. किती ओळी म्हणजे रास्त, याचा आकडा कायदा देत नाही. कादंबरीतल्या चार-सहा वाक्यांबद्दल कुणी तक्रार करणार नाही. आठ ओळींची अख्खी कविता छापली तर ती अख्खी साहित्यकृतीच होते. पूर्ण कविता हवी असेल तर कवीला विचारा, बहुतेक आनंदाने देतात. लेखक वारला म्हणून हक्क संपत नाही. आपल्याकडे तो मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

मसुदा झाला की जोडीदाराने प्रत्येक अवतरण पुस्तकाशी ताडून पाहावं, ऱ्हस्व-दीर्घासकट. पात्रांची नावं, गावं, वर्षं, पानं. हे कंटाळवाणं काम आहे आणि वगळता येत नाही. मग मसुद्यावर तारीख घाला आणि बाजूला ठेवा. लेखकाला भेटायच्या आधीची तारीख त्यावर असणं फार महत्त्वाचं. लेखकाच्या घरी पोहे खाल्ल्यावर परीक्षणातली धार बोथट होते. भेटीत एखादं तथ्य चुकल्याचं कळलं तर तेवढं दुरुस्त करा, निर्णय बदलू नका.

लेखकाला गाठणं

पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक अनेकदा पुस्तकातच असतो. नसेल तर प्रकाशकाला निरोप द्या. थेट फोन करू नका, आधी संदेश पाठवा. आमचा संदेश साधारण असा असतो:

“नमस्कार. आम्ही दोघी नाशिकच्या वाचक. तुमची कादंबरी आम्ही वेगवेगळी वाचली आणि सुनेच्या निर्णयावरून आमचं अजून पटलेलं नाही. त्याबद्दल आणि पुस्तकातल्या इतर काही जागांबद्दल तुमच्याशी तासभर बोलायची इच्छा आहे. बोलणं ध्वनिमुद्रित करू, लिहून झाल्यावर आधी तुम्हाला दाखवू. कुठे छापायचं तेही तुम्हाला विचारून ठरवू. पुढच्या महिन्यात कुठला दिवस सोयीचा होईल?”

‘मी तुमची मोठी चाहती’ हे त्यात नाही. पुस्तक खरंच वाचलंय याचा पुरावा आहे, वेळ किती लागेल ते आहे. आठवडाभराने एकदा आठवण करावी, त्यानंतर विषय सोडावा. नकार आला तर परीक्षण तुमच्याकडे आहेच.

परीक्षण प्रतिकूल असेल तर मुलाखत मागावी का? मागावी, पण आधी सांगून. “आम्हाला उत्तरार्ध पटलेला नाही, तेही विचारणार आहोत.” हे ऐकून काही लेखक मागे हटतात. जे येतात त्यांच्याशी झालेलं बोलणं पाणचट होत नाही.

प्रश्न

‘लेखकाला विचारायचं’ हे पान काढा. त्यावरचे धागे, अधिक वहीतल्या ‘विश्वास बसला नाही’ आणि ‘दुसऱ्यांदा आलं’ या नोंदी. एवढ्यातून दहा-बारा प्रश्न सहज होतात. तासाभरात त्यांतले सहा-सात विचारून होतील, म्हणून क्रम विचारपूर्वक लावा.

प्रेरणा, आवडते लेखक, नवोदितांना संदेश, ‘सध्या काय लिहिताय’ हे प्रश्न टाळा. लेखकाने त्यांची उत्तरं प्रत्येक सत्कारात दिलेली असतात आणि तीच पुन्हा मिळतात. त्याऐवजी हाताने केलेल्या कामाबद्दल विचारा. हे प्रकरण आधी कुठे होतं? पहिल्या खर्ड्यातलं कुठलं पात्र काढलं? विणकामाचे शब्द कुणाकडून मिळाले, आणि वाचकाला कळणार नाहीत अशी भीती कुठे वाटली? संपादकाने काय बदलायला सांगितलं, तुम्ही काय ऐकलं नाही? अशा प्रश्नांना तयार उत्तर नसतं, लेखकाला आठवावं लागतं, आणि आठवताना माणूस खरं बोलतो.

आमच्या कल्पित कादंबरीचा मुख्य प्रश्न कसा विचाराल? “सुनेचा निर्णय अचानक वाटतो, तुमचं काय मत?” असा विचारलात तर लेखक बचावाला लागेल. “पन्नासेक पानं मागाचा आवाज कुठेच येत नाही. ते ठरवून केलं होतं का?” हा प्रश्न उघडा आहे. “आम्हाला असं वाटलं की…” अशी सुरुवात करून तीन मिनिटं स्वतःचा सिद्धांत सांगणारे मुलाखतकार सभागृहांत भरपूर असतात. त्यांच्या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर उरतं. एका प्रश्नात एकच गोष्ट. ‘आणि’ आला की वाक्य तोडा.

सोप्या, पानाला धरून असलेल्या प्रश्नाने सुरुवात करा. मतभेदाचा प्रश्न मध्यावर ठेवा, तेव्हा लेखक रुळलेला असतो पण दमलेला नसतो. आत्मचरित्र असेल तर त्यातली माणसं हयात असू शकतात; घरातले मृत्यू, कोर्टकचेऱ्या, जातीवरून झालेले अपमान याबद्दल बोलायचं का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. ध्वनिमुद्रण चालू असताना अचानक विचारून डोळ्यांत पाणी आणणं हे टीव्हीवाल्यांचं काम.

दोघांची कामं आणि ध्वनिमुद्रण

‘द पॅरिस रिव्ह्यू’ या इंग्रजी साहित्यिक नियतकालिकाच्या १९५३ सालच्या पहिल्याच अंकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत आली, ती दोघांनी घेतली होती. सुरुवातीच्या त्या काळात ध्वनिमुद्रणाची साधनं हाताशी नसायची, म्हणून मुलाखतकार बहुधा जोडीने जात. दोघंही भराभर उत्तरं उतरून घेत आणि नंतर दोन्ही टिपणं जुळवत. आज फोन आहे, तरी जोडीचा फायदा तसाच आहे, फक्त कामं वेगळी वाटायची. एकाने विचारायचं आणि लेखकाच्या डोळ्यांत बघायचं. दुसऱ्याने वही सांभाळायची: कुठला प्रश्न झाला, कुठलं नाव किंवा गाव नीट ऐकू आलं नाही, कुठलं उत्तर अर्धवट राहिलं. वहीवाल्याला मध्ये बोलायचं असेल तर पेन टेबलावर ठेवायचं, विचारणाऱ्याने वाक्य संपवून जागा द्यायची. अर्ध्यावर भूमिका बदलल्या तरी चालतं, पण एकाच वेळी दोघांनी प्रश्नांचा मारा केला की ती चौकशी समिती होते.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात तीन आकडे मोजा. मराठी माणसाला शांतता सोसत नाही, तो आणखी एक वाक्य बोलतो, आणि बरेचदा तेच छापण्याजोगं असतं.

उपकरणांचा फार बाऊ नको. दोन फोन, दोन्हींवर ध्वनिमुद्रण, दोन्ही विमान मोडवर, दोन्ही चार्ज केलेले. एकाला कॉलर माइक असला तर उत्तम. तो लेखकाच्या छातीवर, पदराला किंवा दागिन्यांना घासणार नाही असा लावायचा. तासाभराची मोनो वेव्ह फाइल (एकाच वाहिनीचा, न दाबलेला आवाज) साधारण तीनशे एमबी होते, तेवढी जागा आधी रिकामी करा. पंखा बंद करता येत नसेल तर निदान त्याच्या खाली बसू नका. कुकर लावलाय का, हे विचारायला लाजू नका. अर्धं मिनिट बोलून, ऐकून बघा. मग सुरुवातीला मोठ्याने तारीख, जागा, तिघांची नावं आणि “ध्वनिमुद्रणाला तुमची परवानगी आहे ना?” हा प्रश्न. उत्तरासकट ते फाइलमध्ये राहतं.

संबोधन आधी ठरवून घ्या. ‘सर’, ‘ताई’, ‘काका’, लेखकाला जे रुचेल ते. पण छापताना सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवून संबोधनं काढून टाकलेली बरी. लेखक परदेशात असेल तर वेळ दोनदा तपासा: न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा, आणि मार्च आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलतात.

ध्वनिमुद्रण बंद केल्यावर दारात चपला घालताना लेखक भलतंच महत्त्वाचं काही बोलून जातो. तिथेच विचारा, “हे घेऊ का?” ‘नको’ म्हटलं तर विषय संपला.

बोललेलं लिहून काढणं

तासाभराचं बोलणं उतरवायला नवशिक्याला पाच-सहा तास लागतात. फोनवरचं मराठी बोलून-टंकलेखन कच्चा मसुदा देतं, पण नावं, बोली आणि अर्धवट वाक्यं त्याला झेपत नाहीत. पहिला अर्धा भाग एकाने, दुसरा दुसऱ्याने उतरवावा आणि मग एकमेकांचा भाग मूळ आवाजाशी ताडावा. शक्यतो त्याच आठवड्यात. चेहरा आणि हातवारे आठवत असतात तोवर.

हाती सहा-सात हजार शब्द येतील. छापायचे दोन-अडीच हजार. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय म्हणतात ते’ यांची गर्दी काढा, पण सगळी नाही. माणसाच्या बोलण्याची चाल त्यातही असते. बोली प्रमाण करू नका. सावंतवाडीचा लेखक ‘माका ठाऊक नाय’ म्हणाला असेल तर तसंच राहू द्या, अकोल्याच्या लेखिकेचं ‘मले’ ‘मला’ होऊ नये. तो कुठे प्रमाण मराठीत बोलतो आणि कुठे बोलीत घसरतो हीच मोठी माहिती असते. उत्तरांचा क्रम बदलायला हरकत नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं मात्र खोटेपणा आहे. तसंच आपले प्रश्न मागाहून हुशार करणंही.

छापण्याआधी लेखकाला दाखवावं का, यावर दोन मतं आहेत. वार्ताहर दाखवत नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे. साहित्यिक मुलाखतीत दाखवावं; ‘पॅरिस रिव्ह्यू’तही लेखकांना मजकूर सुधारायला मिळत असे. अटी मात्र आधी सांगाव्यात: स्वतःच्या उत्तरांत दुरुस्ती करा, तथ्यं तपासा, आमच्या प्रश्नांना हात नको, आणि आठ दिवसांत परत. लेखकाने एखादं तिखट वाक्य मऊ केलं तर फोन करून का ते विचारा. ते विधान तिसऱ्या माणसाबद्दल असेल तर ऐकावं. स्वतःच्या लिखाणाबद्दल असेल तर थोडा आग्रह धरावा. तरी अडला, तर त्याचं वाक्य, त्याचा हक्क. परीक्षण मात्र लेखकाला आधी दाखवायचं नाही, कितीही मागितलं तरी.

छापायच्या जागा अनेक आहेत: वाचनालयाची पत्रिका, महाविद्यालयाचं वार्षिक, साप्ताहिकं, मासिकं. दिवाळी अंकासाठी मजकूर द्यायचा तर पावसाळ्यातच संपादकाला विचारा. १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून ही परंपरा आहे आणि दसऱ्याला आलेल्या मजकुराला तिथे जागा नसते. परीक्षण आणि मुलाखत एकत्र द्यायची वेळ आली तर परीक्षण आधी लावा. मुलाखत आधी वाचली की लेखकाने सांगितलेला हेतूच वाचक पुस्तकात शोधत बसतो.

मूळ ध्वनिफाइल पुसू नका. नावात लेखकाचं आडनाव आणि तारीख घाला, तीन ठिकाणी प्रती ठेवा. मुलाखत संपतानाच लेखकाकडून एका ओळीची लेखी परवानगी घ्या, की ही फाइल गावातल्या वाचनालयाला ठेवायला दिली तर चालेल. व्हॉट्सॲपवरचा होकार नोंद म्हणून पुरतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून फाइलबरोबरच ठेवा. वाचनालयाला प्रत देताना सोबत कागदावर विषय आणि मिनिटं लिहून द्या. नाहीतर पुढे ती उघडणाऱ्याला तासभर ऐकल्याशिवाय आत काय आहे ते कळायचं नाही.